मागच्यांचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा, पट्ट्याने खांद्याला अडकवायचा. कधीकाळी पांढराशुभ्र होतो, आता शिळ्या दह्यासारखा पिवळट पडलो आहे. माझं तोंड मोठं आहे, पण आयुष्यात मी स्वतःचं एक अक्षरही बोललेलो नाही. जे काही बोललात ते तुम्ही माणसं बोललात, माझ्या तोंडून. आणि ते ऐकून ऐकून तुमच्याविषयी माझं मत फारसं चांगलं उरलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. गोड गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून कोणी उगाच बसून राहायला नको.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला. पत्र्याची एक शेड होती, तिच्यात आम्ही डझनांनी तयार व्हायचो. तयार झालेला प्रत्येक भोंगा एक कामगार तोंडाशी धरायचा, ‘हॅलो, हॅलो, टेस्टिंग’ म्हणायचा आणि खोक्यात ठेवायचा. दिवसभर तो तेवढंच बोलायचा. पुढे जी माणसं भेटली ती पाहता, गरजेपुरतं बोलणारा तो बहुधा पहिला आणि शेवटचाच पुरुष मला भेटला.

अंधेरी स्टेशनसमोरच्या दुकानातून मला कांदिवलीच्या नंदकुमारांनी उचललं. हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती सत्ता आणि भोंगा एकाच वेळी पडू नये, मित्रांनो. सकाळी गच्चीवर उभं राहून ते माझ्यातून ओरडायचे, “सभासदांनी पाणी जपून वापरावे!” आणि त्यांच्याच घराच्या टाकीचं पाणी जिन्यावरून खाली वाहत असायचं. कोणाची गाडी तिरकी लागली, कोणाच्या बाल्कनीतून ओला टॉवेल ठिबकला, सगळं माझ्या तोंडून साऱ्या कांदिवलीला कळायचं. एके दिवशी मुलांनी चेंडू मारला म्हणून नंदकुमारांनी माझा सायरन वाजवला आणि शेजारच्या इमारतीतली माणसं आग लागली समजून जिन्याने खाली पळाली. त्या संध्याकाळी त्यांच्या सुनेने, उत्तराने, मला जुन्या चादरीत गुंडाळलं. ती मरोळच्या एका शाळेत शिकवायची. दुसऱ्या दिवशी तिने मला त्याच शाळेतल्या पीटीच्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “उर्सुला, घेऊन जा गं हे. परत मागणार नाही. सासऱ्यांनी मागितलं तर तू मला ओळखत नाहीस.”

उर्सुला डिमेलो. हिच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. तशी वेळच तिने कधी माझ्यावर आणली नाही.

ती मरोळच्या गावठाणात राहायची. लग्न केलेलं नव्हतं, आवाज पहाडी होता आणि बोलणं मोजकं. दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकला बाळ येशूचा सण असतो. त्या सणाला मरोळहून चालत जायचं असं उर्सुलाने एका वर्षी ठरवलं आणि निघाली. पहिल्या वर्षी तिच्याबरोबर गावठाणातल्या दोनचार बायका होत्या. पुढे माणसं वाढत गेली. कोणी नवसासाठी यायचं, कोणी वजन उतरावं म्हणून, कोणी नुसतं घरातून सुटका म्हणून. ठाणे, भिवंडीचा बायपास, शहापूर, मग कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी आणि नाशिक, असा तो रस्ता. हायवेच्या कडेने ट्रकांच्या धुळीत चालायचं. माणसांना आवाज देण्यासाठी मी.

उर्सुलाचा एक नियम होता. गटात जो सगळ्यात हळू चालेल त्याच्या चालीने सगळा गट चालणार. म्हणून ती स्वतः शेवटच्या माणसाच्या मागे असायची आणि सामानाचा टेम्पो तिच्याही मागे. माझ्यातून ती बोलायची ते एवढंच: “गाडी येतेय.” “पाणी प्या.” “उतार आहे, गुडघे सांभाळा.” संध्याकाळी रोझरीची जपमाळ म्हणायची, तीही भराभर नाही आणि रडवेल्या सुरात नाही. एकदा एका भक्तिमान गृहस्थांनी तिला विचारलं, “उर्सुलाबाई, तुम्ही प्रवचन का नाही देत? एवढा भोंगा आहे हातात.” ती म्हणाली, “माणसं दमलीयत. त्यांना कशाला आणखी दमवू?”

ती चांगली वर्षं होती. लोक माझं कौतुक करायचे. घाटातल्या धुक्यात मागून माझा आवाज आला की पुढच्यांना बरं वाटायचं, असं ते सांगत. आणि मग एका सकाळी चर्चला जायला निघालेली उर्सुला उंबऱ्यावर चपला घालता घालता गेली. एक चप्पल पायात होती, एक तशीच.

तिच्यामागे मी लॅन्सीच्या हाती पडलो.

लॅन्सलॉट परेरा. मरोळपासून मुलुंडपर्यंत फ्लॅटची दलाली करायचा. चेहरा हसरा, केस काळे केलेले, आणि स्वतःच्या आवाजावर त्याचं असं प्रेम की तसं त्याने दुसऱ्या कोणावर कधी केलं नसेल. उर्सुलाच्या जागी गट सांभाळायला कोणीतरी हवं होतं. त्याने हात वर केला, आणि बाकीच्यांनी सुटलो म्हणून टाळ्या वाजवल्या. तुम्ही माणसं पुढारी निवडता ते असे.

पहिल्याच वर्षी तो मला घेऊन गटाच्या पुढे गेला. भिवंडीच्या बायपासवर ट्रक अंगावरून जात होते आणि हा माझ्यातून ओरडत होता, “हॅलो नाशिक! मरोळ येतंय!” नाशिक तिथून चार मुक्कामांवर होतं. दुसऱ्या वर्षी त्याने टी-शर्ट छापले. छातीवर बाळ येशू खिशाएवढा, पाठीवर लॅन्सी पाठभर. तिसऱ्या वर्षी मोबाइल काठीला लावून चालण्याचं थेट प्रक्षेपण सुरू केलं. समोर कॅमेरा असला की त्याच्या चेहऱ्यावर एकदम भक्ती यायची, बंद झाला की तो विचारायचा, “किती जणांनी पाहिलं?”

बाकीचेही काही संत नव्हते. रस्त्यावर ‘आमचे अपराध क्षमा कर’ म्हणत चालायचे आणि मुक्कामाच्या शाळेत भिंतीकडेच्या गादीवरून एकमेकांवर धावून जायचे. त्यात ऑस्टिन कोरिया नावाचा एक जाडजूड मेकॅनिक होता. तो सगळ्यांच्या आधी पोहोचून दोन गाद्या एकावर एक टाकायचा आणि वर झोपून घोरायचा. त्याला पाहिलं की मला वाटायचं, हा माणूस चालत नाही, फक्त गादीपर्यंतचं अंतर कापतो.

आणि लॅन्सीची बायको, जेसिंता. ती सगळ्यात मागे चालायची. खरं सांगायचं तर तिच्याविषयीही माझं मत चांगलं नव्हतं. एका कारखान्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं नोकरी करून निवृत्त झालेली, अंगाने किरकोळ, तोंडाने गप्प. लॅन्सी चारचौघांत म्हणायचा, “आमच्या घरात एकच रेडिओ आहे, आणि तो मी,” आणि ही हसायची. नवऱ्याच्या अशा विनोदावर हसणाऱ्या बाईचं काय करायचं? माझ्यात तर ती कधी एक फुंकरही मारत नव्हती.

मग लॅन्सीने नवा स्पीकर आणला. पेटीएवढा उंच, आतून निळे-जांभळे दिवे लागणारा, सोबत बिनतारी माइक. तो त्याने टेम्पोच्या टपावर बांधला. मला त्याने घरच्या माळ्यावर फेकलं, सेल आतच ठेवून. सेलना पाझर फुटला, माझ्या पोटातल्या स्प्रिंगा हिरव्या पडल्या. जवळजवळ वर्षभर मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये तोंड वर करून पडून होतो. मला खाली काढलं ते जेसिंताने. तिने स्प्रिंगा घासल्या, नवे सेल घातले, पट्टा तुटला होता तिथे बॅगेचा पट्टा शिवला. लॅन्सी म्हणाला, “हा भंगार कशाला घेतेस? माझ्या स्पीकरपुढे कोण ऐकणार याला?”

“मागे गाड्या येतात,” ती म्हणाली. एवढंच.

त्या वर्षी मी पुन्हा शेवटच्या माणसाबरोबर निघालो. आणि शेवटचं माणूस होतं मालन.

मालन गावठाणालगतच्या चाळीत राहायची. मूळची कोकणातली, नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची कामं करून पुढे अंथरुणाला खिळलेला. ती लोकांकडे पोळ्या करायची. गळ्यात आता मंगळसूत्र नव्हतं. नवरा त्या आधीच्या पावसाळ्यात गेला होता. साठी उलटलेली, पायात प्लास्टिकची सँडल, हातात पिशवी. निघताना चर्चच्या आवारात लॅन्सीने माइकवरून सगळ्यांदेखत तिची ओळख करून दिली. “आणि या आमच्या मालनताई! ताई, तुमचे देव रागावणार नाहीत ना?”

सगळे हसले. मालन म्हणाली, “माज्या देवांचा मी बघीन. तू तुज्या देवाचा बघ.”

ते माइकवर आलं नाही. मी ऐकलं. मला बाई बरी वाटली.

शहापूर सोडेपर्यंत ती ठीक चालली. मग तिच्या टाचेला फोड आला, तो फुटला, आणि कसाऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात तिचा घोटा मुरगळला. जेसिंताने पट्टी बांधली. मालन चालत राहिली, पण आता तिची चाल म्हणजे एक पाऊल टाकायचं आणि श्वास घ्यायचा. उर्सुलाच्या काळात सगळा गट त्या पावलाने चालला असता. पण त्या दिवशी इगतपुरीत लॅन्सीचा सत्कार होता. तिथल्या कोणा पुढाऱ्याने हार, शाल आणि फोटोवाला तयार ठेवला होता. त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी लॅन्सीने टपावरच्या स्पीकरवरून जाहीर केलं, “फास्ट चालायचंय सगळ्यांनी! ज्यांना जमत नाही त्यांनी टेम्पोत बसा. ग्रुप थांबणार नाही!”

“माका गाडयेत बसूचा नाय,” मालन म्हणाली. “मी चलत जातलंय.”

जेसिंता पुढे गेली आणि लॅन्सीला म्हणाली, “टेम्पो मागे ठेव ना. मालनताईंच्या मागे कोणी नाही. घाटात ट्रक येतात.”

“जेसी, टेम्पोवर स्पीकर आहे. स्पीकर मागे ठेवून मी पुढे काय तोंडाने गाऊ?” त्याने घड्याळ पाहिलं. “तिला सांग बस पकडायला. नाहीतरी ती आपली थोडीच आहे? तिला कुठे चर्चमधला मिस्सा कळतो का काही?”

जेसिंताने पाठ फिरवली. ती परत मागे आली. मी तिच्या खांद्याला लटकून होतो आणि मनात म्हणत होतो, बोल ना बाई, निदान एकदा तरी काहीतरी बोल. पण ती गप्प. मला तिची चीड आली.

गट पुढे गेला. निळे-जांभळे दिवे लावलेला टेम्पो वळणाआड गेला. त्याचा चालक धाकू, मालनच्याच चाळीतला, दोनदा आरशात बघून गेला, पण लॅन्सी त्याच्या शेजारी बसून पुढे हात करत होता. हो मित्रांनो, पदयात्रेचा पुढारी घाट टेम्पोत बसून चढत होता. कॅमेऱ्यासाठी वर आधी पोहोचायला हवं ना!

आम्ही तिघं राहिलो. दोन बायका आणि मी. ट्रक हॉर्न मारत अंगाजवळून जायचे तेव्हा जेसिंता माझा सायरन वाजवायची आणि मालनला कठड्याकडे ढकलायची. अर्धा घाट चढल्यावर एका वळणावर मालन कठड्यावर बसली ती उठेना. तिच्या पट्टीतून रक्त येत होतं.

“मालनताई, ऐका माझं,” जेसिंता म्हणाली. “एखादी गाडी थांबवते. वर जाऊन पुन्हा चाला. देव काय फूटपट्टी घेऊन बसलाय का?”

“देवाचा नाय गो,” मालन म्हणाली. “उर्सुलाबायचा आसा.”

मग तिने सांगितलं. मी उर्सुलाबरोबर इतकी वर्षं चाललो आणि हे मलाही ठाऊक नव्हतं. मालनची मुलगी अक्षता शाळेत असताना किडनीच्या दुखण्याने आजारी पडली होती. अंगावर सूज, हॉस्पिटलच्या फेऱ्या, डॉक्टरांनी मान हलवलेली. अक्षता उर्सुलाच्या शाळेतली, मालन तिच्या शेजारची. एका संध्याकाळी उर्सुला हॉस्पिटलात आली, मुलीच्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, मालन, मी बाळ येशूला बोललेय, ही पोर उठून बसली तर मी इतकी वर्षं नाशिकला चालत येईन. मालन म्हणाली होती, अगो, माझ्या पोरीसाठी तू कशाला? उर्सुला म्हणाली होती, तुझ्या नवऱ्याला सोडून तुला कुठे जाता येतंय?

“पोर बरी झाली,” मालन सांगत होती. “लगीन झाला. कुर्ल्याक ऱ्हवता. उर्सुलाबाय दर वर्षा चलली. बोल्लल्यातली शेवटची एक फेरी ऱ्हवली आणि ती गेली. ती माजी कोण? ना नात्याची, ना गोत्याची. आता हे पण गेले, मी मोकळी झालंय. तिचा ऱ्हवलेला मी पुरा करतलंय. गाडयेन कसा करू?”

ज्या वाटेवर आज टी-शर्ट छापून सत्कार चालले होते, ती वाट या बाईच्या मुलीसाठी सुरू झाली होती. आणि ‘ती आपली थोडीच आहे’ हे वाक्य नुकतंच जेसिंताने ऐकून घेतलं होतं, काही न बोलता.

तेवढ्यात वरून आवाज आला. आम्ही होतो त्याच्या बरोबर वर, घाटाच्या शेवटच्या वळणावर गट पोहोचला होता. टेम्पो दिसत होता, झेंडे दिसत होते. स्पीकरचं तोंड दरीकडे होतं, त्यामुळे शब्दन्‌शब्द खाली येत होता. लॅन्सीचं प्रक्षेपण सुरू झालं होतं.

“मित्रहो, बाळ येशूच्या कृपेने आपण घाट सर केला आहे! लहान, थोर, म्हातारे, सगळे! आपल्या ग्रुपची खासियत काय? आपण कोणालाही मागे सोडत नाही! एकही माणूस मागे राहिलेला नाही!”

टाळ्या वाजल्या. वर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की दोन बायका खाली आहेत. तरी टाळ्या वाजल्या. मित्रांनो, मी पोकळ आहे, माझ्या पोटात तारा आणि सेल आहेत. पण त्या क्षणी त्या टाळ्यांपेक्षा मी जास्त भरलेला होतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

जेसिंताने मला खांद्यावरून काढलं. तोंडाशी धरलं. तिला सवय नव्हती, त्यामुळे माझी कडा तिच्या दातांवर आपटली. तिने बटण दाबलं.

“लॅन्सी, आम्ही अजून खाली आहोत.”

आवाज पातळ होता, पण स्वच्छ. तो दरी ओलांडून वर गेला. टाळ्या थांबल्या. मग स्पीकरवर लॅन्सीचं हसणं ऐकू आलं. तो मोबाइलवर बघणाऱ्यांना सांगत होता, “काही नाही, काही नाही, डोंगर आहे ना, इको येतो.”

मी इतकी वर्षं माणसांचं खोटं वाहून नेलं, पण इतकं स्वस्त खोटं माझ्याही तोंडून कधी गेलं नव्हतं.

जेसिंताने पुन्हा बटण दाबलं.

“इको नाही रे, बायको!”

वर कोणीतरी खिंकाळून हसलं. मग दुसरं. मग सगळा घाट हसला. जेसिंता हसत नव्हती. हशा ओसरू दिला आणि ती पुढे बोलली.

“मालनताईंचा पाय फाटलाय. ट्रक अंगावर येतायत. टेम्पो आमच्या मागे हवा होता, तो तुझ्या स्पीकरसाठी वर नेलास. ही वाट उर्सुलाने सुरू केली ती मालनताईंच्या मुलीसाठी. तिचा राहिलेला नवस पुरा करायला ही बाई आलीय. ही आपली नाही म्हणालास ना? मग आपलं कोण आहे? ज्यांना वाटतं त्यांनी खाली या. ज्यांना नाही वाटत त्यांनी हार घालून घ्या.”

वरून उत्तर आलं ते भजनाचं. लॅन्सीने संगीत लावलं आणि आवाज पूर्ण सोडला. दरी भरून गेली. आपल्या बायकोचा आवाज देवाच्या गाण्याखाली दाबणारा माणूस मी पाहिला आहे, मित्रांनो, आता मला आणखी काही पाहायचं उरलेलं नाही.

आणि मग संगीत एकदम तुटलं. ओळीच्या मधेच.

थोड्या वेळाने वळणावरून धाकू चालत खाली येताना दिसला. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात स्पीकरची वायर.

“टेम्पो?” जेसिंताने विचारलं.

“एकमार्गी रस्तो, मागे आणूक येणा नाय,” धाकू म्हणाला. “थंयच कडेक लावलंय. चावी माज्या खिशात आसा. आता लॅन्सीशेट खंय जातत ता बघूया.”

धाकूच्या मागून आणखी माणसं आली. सगळी नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. निम्म्याहून जास्त वरच सावलीत केळी खात बसून राहिली. पण जी आली त्यात सगळ्यात पुढे, धापा टाकत, घामाने निथळत, ऑस्टिन कोरिया होता. दोन गाद्यांवाला. त्याने मालनच्या पायाकडे पाहिलं, आपला एक बूट काढला आणि तिच्या सुजलेल्या पायात चढवला, कारण तिच्या सँडलमध्ये आता तो पाय मावत नव्हता. स्वतः एका पायात नुसता मोजा घालून तापलेल्या डांबरावर उभा राहिला.

“चला आजी,” तो म्हणाला. “माझ्या खांद्यावर हात टाका. मी जाडा आहे, पडलात तर लागणार नाही.”

त्याच्याविषयीचं माझं मत मी थोडं बदललं. थोडंच. त्या रात्रीही तो घोरलाच.

मालन घाट चढली. चार पावलं, विसावा, पुन्हा चार पावलं. एक बाजू ऑस्टिनची, एक धाकूची, मागे जेसिंता माझ्यासकट. ऊन कलताना आम्ही वर पोहोचलो. सत्काराची वेळ केव्हाच टळली होती. इगतपुरीचा पुढारी वाट पाहून इथवर आला होता आणि शाल परत घेऊन गेला होता, हार मात्र टेम्पोच्या आरशाला लटकवून ठेवलेला होता आणि सुकत चालला होता.

लॅन्सी टेम्पोच्या सावलीत बसला होता. जेसिंता जवळ येताच तो उठला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “सगळ्या जगासमोर माझी लाज काढलीस तू.”

“होती का?” जेसिंता म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

तिथून पुढे गट दोन झाला. लॅन्सी आपल्या माणसांना घेऊन पुढे गेला. पुढे म्हणजे बसने. आम्ही मालनच्या पायाने चाललो. नाशिकला पोहोचलो तेव्हा सण उरकत आला होता. मंडप सोडत होते, मेणबत्तीवाले उरलेला माल खोक्यात भरत होते. गर्दी नव्हती, त्यामुळे मालनला अगदी समोर उभं राहता आलं. तिला तिथली प्रार्थना येत नव्हती. तिने पदर सारखा केला, ऑस्टिनचा बूट बाजूला काढून ठेवला आणि हात जोडले. जेसिंता तिच्या शेजारी होती, म्हणून मी ऐकलं.

“उर्सुलाबाय,” मालन म्हणाली, “झाला गो तुजा.”

बस, एवढंच. मागे वळली आणि धाकूला म्हणाली, “आता गाडी घेवन ये.”

त्याला आता काही वर्षं झाली. लॅन्सीचा गट आजही निघतो. आता ते एसी बसने जातात, नाशिकच्या वेशीवर उतरतात, टी-शर्ट घालतात आणि शेवटचा तुकडा चालतात. कॅमेऱ्यात तेवढाच येतो. त्याला बघणारे वाढले आहेत, असं तो घरात सांगत असतो. घरात तो अजूनही बोलतो. फरक इतकाच की आता पलीकडून उत्तर येतं, आणि दोन वाक्यांनंतर तोच टीव्ही लावतो.

जेसिंता दरवर्षी चालते. तिच्याबरोबर फार माणसं नसतात. धाकूचा टेम्पो शेवटच्या माणसाच्या मागे असतो. एका वर्षी ऑस्टिनच शेवटचा होता, त्याच्या गुडघ्यामुळे. सगळे त्याच्या चालीने गेले आणि मुक्कामाला पोहोचायला इतका उशीर झाला की गाद्या उरल्याच नाहीत. तो जमिनीवर झोपला. मला बरं वाटलं.

माझं आता वय झालं आहे. कर्ण्याला तडा गेला आहे, त्यावर चिकटपट्टी आहे. सायरनचं बटण अडकतं, कधी कधी आपोआपच वाजतं आणि कुत्री भुंकतात. फार दिवस राहीन असं वाटत नाही.

अशा गोष्टींच्या शेवटी, मित्रांनो, आम्हाला जपा अशी विनंती करायची पद्धत आहे. ती मी करतो, आटोपशीरपणे. काम झालं की सेल काढून ठेवत जा, आतच सोडलात तर आम्ही पोटातून कुजतो. ओल्या जागी ठेवू नका. आमच्यावर बसू नका.

बाकी स्वतःकडे बघा. तुमच्यातल्या पुष्कळांच्या हाती आज ना उद्या माझ्यासारखा एखादा भोंगा येणार आहे. कोणाला वर्गाचा, कोणाला सोसायटीचा, कोणाला आख्ख्या गावाचा. तो आला की तुम्हालाही वाटणार की आपण पुढे उभं राहावं. तेव्हा बटण दाबण्याआधी एकदा मान वळवून मागे बघा. शेवटचा माणूस दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर तोंड बंद ठेवा आणि चालत मागे जा.

जमेल का? मला शंकाच आहे. मी तुम्हाला फार जवळून ऐकलं आहे.